‘सॅफायर’ (१९५९): एका खुनाचा तपास आणि त्यातून उघडा पडणारा वर्णद्वेष – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने ब्रिटिश रहस्यपट आवडीने पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी ‘सॅफायर’ हे नाव ऐकलेले असते, परंतु तो पाहिल्यावर त्यांच्या मनात खुनी कोण यापेक्षा वेगळेच प्रश्न उभे राहतात. अशा प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. खुनी कोण हे ज्या उत्तरात सांगितले आहे, त्याच्या आधी तशी सूचना दिलेली आहे.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात काय आहे?

उत्तर लंडनमधील हॅम्पस्टेड हीथ या विस्तीर्ण मोकळ्या रानात एका तरुणीचा मृतदेह सापडतो. तिला भोसकून मारलेले असते. तिचे नाव सॅफायर रॉबिन्स. ती संगीताचे शिक्षण घेत असते आणि डेव्हिड हॅरिस या गोऱ्या विद्यार्थ्याशी तिचे लग्न ठरलेले असते. वास्तुकला शिकणाऱ्या डेव्हिडला रोमला जाण्याची शिष्यवृत्ती मिळालेली असते. शवविच्छेदनात ती गर्भवती असल्याचे कळते. येथपर्यंत हा त्या काळातील कोणताही पोलिसी रहस्यपट असू शकला असता. मग तिचा भाऊ डॉ. रॉबिन्स बर्मिंगहॅमहून पोलिसांना भेटायला येतो. तो कृष्णवर्णीय असतो. सॅफायर गोरी दिसत होती, गोरी म्हणून राहत होती, आणि तपास अधिकाऱ्यांनीही तोवर तिला गोरीच मानलेले असते. भाऊ दारातून आत येतो त्या क्षणापासून तपासाची दिशा बदलते आणि त्यातील प्रत्येक साक्षीदाराची भाषाही बदलू लागते.

तो कोणी निर्माण केला?

दिग्दर्शन बॅसिल डिअरडन यांचे, निर्मिती मायकेल रेल्फ यांची आणि पटकथा जॅनेट ग्रीन यांची आहे. सुपरिंटेंडंट हॅझर्डची भूमिका नायजेल पॅट्रिक यांनी, त्याचा सहकारी इन्स्पेक्टर लिअरॉइड याची मायकेल क्रेग यांनी आणि डॉ. रॉबिन्सची अर्ल कॅमरन यांनी केली. डेव्हिडच्या बहिणीच्या, म्हणजे मिल्ड्रेडच्या भूमिकेत इव्हॉन मिचेल आहेत. १९५९ च्या सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचा बाफ्टा पुरस्कार ‘सॅफायर’ला मिळाला.

त्या वेळी लंडनमध्ये नेमके काय चालले होते?

१९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींमधील लोकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क होता. त्याच वर्षी २२ जून रोजी ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज वेस्ट इंडिजमधील शेकडो प्रवाशांना घेऊन टिलबरीच्या बंदराला लागले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशाला बसगाड्या, रेल्वे, रुग्णालये आणि कारखाने चालवण्यासाठी माणसे हवी होती. ती आली, परंतु त्यांना राहायला खोली देण्याची शेजाऱ्यांची तयारी नव्हती. ऑगस्ट १९५८ मध्ये आधी नॉटिंगहॅममध्ये आणि लगेच लंडनच्या नॉटिंग हिल भागात दंगली उसळल्या. गोऱ्या तरुणांच्या टोळ्या लोखंडी गज, साखळ्या आणि बाटल्या घेऊन वेस्ट इंडियन कुटुंबांच्या घरांवर चालून गेल्या. कृष्णवर्णीय पुरुषाशी लग्न केलेल्या एका गोऱ्या स्त्रीवरही तेव्हा हल्ला झाला. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने नऊ गोऱ्या तरुणांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा सुनावली.

हा चित्रपट या घटनांना वर्षही उलटले नव्हते तेव्हा पडद्यावर आला. त्यामुळे पडद्यावरचे रस्ते, खोल्यांचे मालक आणि कोपऱ्यावर उभी असलेली टवाळ मुले पाहताना तेव्हाच्या प्रेक्षकाला वर्तमानपत्राचीच आठवण झाली असणार. आज आपण तो जुना चित्रपट म्हणून पाहतो, तेव्हा ही गोष्ट निसटण्याची शक्यता असते.

रंगावरून घर किंवा प्रवेश नाकारणे तेव्हा कायद्याने चालत होते का?

बहुतांशी होय. सर्वात बोलका दाखला क्रिकेटमधला आहे. वेस्ट इंडिजचे थोर अष्टपैलू खेळाडू लिअरी कॉन्स्टंटाइन हे १९४३ मध्ये लॉर्ड्सवरील सामन्यासाठी कुटुंबासह लंडनला आले असता, इंपीरियल हॉटेलने आधी आरक्षण घेऊनही त्यांना ठेवून घेण्यास नकार दिला. अमेरिकन सैनिक पाहुण्यांना चालणार नाही, असे कारण पुढे करण्यात आले. कॉन्स्टंटाइन न्यायालयात गेले आणि १९४४ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला, परंतु भरपाई मिळाली ती केवळ पाच गिनी. शिवाय हा विजय वर्णभेदाविरुद्धच्या एखाद्या कायद्यामुळे मिळालेला नव्हता, कारण तसा कायदा अस्तित्वातच नव्हता. वाटसरूला सबळ कारणाशिवाय परत पाठवू नये, हे सराईच्या मालकावरील जुने बंधन वकिलांनी उपयोगात आणले होते. खासगी घरमालकावर तेवढेही बंधन नव्हते. म्हणूनच ‘कृष्णवर्णीयांना जागा नाही’ अशा पाट्या खिडक्यांत उघडपणे लागत असत. १९६५ च्या कायद्याने हॉटेल, उपाहारगृह यांसारख्या सार्वजनिक जागांपुरती मनाई आली, आणि घर व नोकरी यांना संरक्षण मिळायला १९६८ साल उजाडावे लागले. म्हणजे या चित्रपटातील घरमालकीण जे करते ते पुढची नऊ वर्षे कायद्याच्या चौकटीत बसत होते.

सॅफायर ‘गोरी म्हणून राहत होती’ याचा अर्थ काय?

तिचे वडील गोरे, आई कृष्णवर्णीय. भावाच्या वाट्याला आईचा रंग आला, तिच्या वाट्याला वडिलांचा. लोक आपल्याला गोरी समजतात हे लक्षात आल्यावर ती हळूहळू जुन्या मैत्रिणींपासून आणि ओळखीच्या क्लबांपासून दूर झाली आणि गोऱ्यांच्या वस्तीत खोली घेऊन राहू लागली. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या प्रकाराला ‘पासिंग’ म्हणत.

मराठी वाचकाला मात्र हे समजण्यासाठी परक्या शब्दाची गरज पडू नये. बाबुराव बागुल यांच्या १९६३ मधील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेने आपल्याला यासाठी नेमके क्रियापद दिले आहे: चोरणे. जे आपले नाही असे समाजाने ठरवून टाकले, ते घेतले की चोरी होते. त्याच्याही कितीतरी आधी, १९१७ मध्ये, परदेशात शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन एका पारशी सराईत राहावे लागले, आणि ही गोष्ट उघड होताच काठ्या घेतलेल्या लोकांच्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. लंडनमधील सॅफायर आणि बडोद्यातील बाबासाहेब यांच्या परिस्थितीत मोठे अंतर आहे आणि ते पुसण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वर्णद्वेष हा डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाचा असतो, असे आपण सहज गृहीत धरतो. सॅफायरच्या बाबतीत डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. तिचा चेहरा, तिचे बोलणे, तिचे गाणे यांत काल आणि आज काहीही बदलले नव्हते. बदलली ती फक्त तिच्या जन्माविषयीची माहिती, आणि तेवढ्यावर लोकांच्या लेखी ती वेगळी व्यक्ती झाली. त्वचेचा रंग बाजूला ठेवल्यावर उरतो तो जन्माचाच हिशेब, आणि तो आपल्या चांगल्या परिचयाचा आहे.

हा विषय मांडायला रहस्यपटच का निवडला असावा?

तपासात पोलिसाला कोणत्याही दारावर थाप मारण्याचा अधिकार असतो. एरवी एकमेकांच्या घरात पाऊलही न टाकणाऱ्या माणसांच्या घरांत तो लागोपाठ जातो: नाकासमोर चालणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची बैठकीची खोली, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, परदेशी विद्यार्थ्यांचा क्लब, तळघरातील नृत्यगृह, गुंडांच्या खोल्या. एका सामाजिक नाटकाला एवढी भ्रमंती कृत्रिम वाटली असती, पण येथे ती कामाचाच भाग ठरते.

यापेक्षाही खोल कारण संशयाच्या स्वरूपात आहे. रहस्यपट पाहणारा प्रत्येक जण मनातल्या मनात कोणावर तरी बोट ठेवत असतो, आणि पुरावा पुरेसा नसताना मनाने आधीच दिलेला निकाल म्हणजेच पूर्वग्रह. दिग्दर्शक प्रेक्षकाला ही सवय लावून देतो आणि मग त्याचे बोट कोणाकडे वळले हे त्याला दाखवतो. काळा तरुण पळताना दिसला, त्याच्या खोलीत चाकू आणि रक्ताचा शर्ट सापडला, की गोष्ट संपली असे ज्याला वाटले, त्या प्रेक्षकाला पुढच्या अर्ध्या तासात स्वतःकडे पाहावे लागते. कोणत्याही भाषणाने हे साधले नसते.

दोघे पोलीस अधिकारी एकमेकांच्या विरुद्ध उभे केले आहेत का?

वरवर पाहता तसे दिसते. लिअरॉइड उघडपणे बोलतो. ही माणसे आपल्या देशात नसती तर असे गुन्हेच घडले नसते, या धाटणीचा त्याचा विचार असतो आणि काळ्या लोकांसाठी त्याच्या तोंडी अपशब्द असतात. हॅझर्ड त्याला शांतपणे अडवतो. परंतु हॅझर्ड हा निर्दोष संत नाही, हे पटकथेचे मोठेपण आहे. डॉ. रॉबिन्स प्रथम त्याच्या समोर येतात तेव्हा त्याच्याही चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ उमटतो, आणि तो डॉक्टरांच्या नजरेतून सुटत नाही. असे क्षण डॉक्टरांनी आयुष्यात किती वेळा पाहिले असतील, हे कॅमरन यांच्या संथ, सभ्य उभे राहण्यातून कळते.

लिअरॉइड शेवटी बदलतो का, असेही पुष्कळदा विचारले जाते. त्याची खात्री डळमळते, एवढेच म्हणता येईल. त्याचे हृदयपरिवर्तन घडवून प्रेक्षकाला सुटकेचा निःश्वास टाकू देण्याचे लेखिकेने टाळले, आणि ते योग्यच झाले.

लाल परकराला एवढे महत्त्व का दिले आहे?

मृतदेहावर साधा, करड्या छटेचा स्कर्ट असतो आणि त्याखाली चमकदार लाल परकर. तिच्या खोलीतील एका कुलूपबंद खणातही असेच भडक, नखरेल कपडे सापडतात. सुरुवातीला हे केवळ धागेदोरे असतात. तिचा जन्म कळल्यावर मात्र हाच परकर पोलिसांच्या दृष्टीने तिच्या ‘खऱ्या रंगा’चा पुरावा बनतो, जणू वरचा गोरेपणा म्हणजे स्कर्ट आणि आतले काळेपण म्हणजे तो परकर. एखाद्या गोऱ्या मुलीच्या खणात असे कपडे सापडले असते तर त्यावरून तिच्या वंशाविषयी कोणी काही ठरवले नसते.

चित्रपट रंगीत असण्यालाही येथे अर्थ आहे. छायालेखक हॅरी वॅक्समन यांनी हिवाळ्यातील लंडन राखाडी, तपकिरी, ओलसर ठेवले आहे आणि त्यात मधूनच लाल रंगाचा ठिपका उमटतो. हे पाहायला सुंदर आहे. पण जीवनाचा सगळा रंग काळ्या माणसांकडे आणि सगळा संयम गोऱ्यांकडे, अशी वाटणी त्यातून नकळत होते. या अडचणीकडे पुढे परत येऊ.

जॉनी फिडल हे पात्र कशासाठी आहे?

सॅफायरसोबत नाचणारा हा काळा तरुण पोलिसांना पाहून पळ काढतो. रात्रीच्या रस्त्यांवरून तो धावत असताना आसरा मिळण्याऐवजी गोऱ्या पोरांच्या टोळक्याकडून त्याला मार बसतो. त्याच्या खोलीत रक्ताळलेला शर्ट आणि शस्त्र मिळते, परंतु त्या रक्ताचे कारण वेगळे निघते आणि खुनाशी त्याचा संबंध नसतो. तो सज्जन नाही, हेही चित्रपट लपवत नाही. एका गुन्ह्याबाबत निर्दोष ठरण्यासाठी माणसाने सर्वार्थाने सद्गुणी असण्याची अट नसते, आणि हे १९५९ मध्ये एका काळ्या पात्राच्या संदर्भात दाखवणे साधी गोष्ट नव्हती.

पॉल स्लेडच्या प्रसंगातून पूर्वग्रह दोन्हीकडे सारखाच असतो, असे सुचवले आहे का?

गॉर्डन हीथ यांनी साकारलेला पॉल स्लेड हा श्रीमंत, उच्चशिक्षित आफ्रिकी तरुण आहे. सॅफायरशी लग्न करण्याचा प्रश्नच नव्हता, असे तो सांगतो, कारण तिच्यात गोरे रक्त होते आणि ते त्याच्या वडिलांना चालले नसते. प्रसंग चटकदार आहे आणि लिअरॉइडची बोलती बंद होते. मात्र त्यातून ‘सगळेच सारखे’ असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. स्लेडच्या वडिलांच्या नापसंतीमुळे लंडनमध्ये कोणाला खोली नाकारली जात नव्हती, कोणाची नोकरी जात नव्हती आणि कोणाच्या खिडकीवर बाटली येऊन आदळत नव्हती. ज्या पूर्वग्रहाच्या हाती घराची किल्ली, नोकरीचा अर्ज आणि पोलिसांची शिट्टी असते तो, आणि ज्याच्या हाती यांपैकी काहीच नसते तो, एका तराजूत तोलता येत नाहीत. चित्रपट येथे थोडा घाईने पुढे जातो.

खुनी कोण आणि त्याचा अर्थ काय? (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हे उत्तर वगळावे.)

खून डेव्हिडची बहीण मिल्ड्रेड हिने केलेला असतो. दोन लहान मुलींची ही आई पतीपासून जवळपास एकटी पडलेली, माहेरच्या छपराखाली दिवस काढणारी आणि संसारातून काहीही सुख न मिळालेली स्त्री आहे. हॅझर्ड डॉ. रॉबिन्सना मुद्दाम हॅरिस कुटुंबाच्या घरी घेऊन जातो. तेथे ते मुलींची बाहुली सहज हातात घेतात, आणि त्या काळ्या हातांतील बाहुली पाहून मिल्ड्रेडचा तोल जातो व इतके दिवस दाबून ठेवलेले सारे बाहेर पडते.

या शेवटाचे वजन मिल्ड्रेडच्या सामान्यपणात आहे. ती दंगेखोर टोळीतली नाही, कोणत्याही पक्षाची नाही. शेजारणीने चहाला बोलवावे अशी ती बाई आहे. तिचा द्वेष एकाच धाग्याचा नाही, कारण सॅफायरचे हसणे, तिचा उत्साह, तिला मिळालेले प्रेम यांचाही तिला मत्सर वाटत होता. त्या मत्सराला स्वतःचे नाव घेण्याची हिंमत नव्हती, म्हणून त्याने रंगाचे नाव घेतले. मोठमोठ्या द्वेषांच्या मुळाशी अशी कितीतरी खासगी दुःखे असतात आणि समाज त्यांना एक तयार लक्ष्य पुरवतो. हॅझर्डलाही खटला सुटल्याचे समाधान मिळत नाही, आणि या रोगावर एका दिवसात उतारा पडत नाही, हे डॉक्टर आपल्या पेशाच्या भाषेत सांगतात.

स्वतः चित्रपटच पूर्वग्रहातून मुक्त नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे का?

खरा आहे, आणि चित्रपटावर प्रेम असणाऱ्यांनी तो आधी मान्य करावा. ‘ट्यूलिप्स’ या क्लबमधील प्रसंगात ढोलाचा ताल सुरू होताच कॅमेरा नाचणाऱ्या पायांवर आणि देहांवर रेंगाळतो. गोरी दिसणारी मुलगीसुद्धा हा ताल ऐकून ओळखू येते, असे तेथील माणूस ठामपणे सांगतो, आणि दृश्याची जुळणी त्याला दुजोराच देते. वंश रक्तात असतो आणि ढोल वाजला की बाहेर येतो, हीच तर लिअरॉइडची समजूत! संवादांतून जी समजूत खोडून काढली, तिचाच आधार येथे दृश्यांतून घेतला गेला.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. सॅफायर पहिल्या दृश्यातच मृत आहे. तिला आपण एका फाटलेल्या छायाचित्रात पाहतो आणि इतरांच्या तोंडून ऐकतो. घरमालकीण, मैत्रीण, प्रियकर, जुने सोबती असा प्रत्येक जण आपापली सॅफायर सांगतो, परंतु गोरी म्हणून जगताना तिला काय वाटत होते, कशाची भीती होती, कोणत्या क्षणी मोकळे वाटे, हे सांगायला तिला एकही वाक्य मिळत नाही. त्यातच ही भूमिका इव्हॉन बकिंगहॅम या गोऱ्या अभिनेत्रीला देण्यात आली. हॉलिवूडनेही १९४९ च्या ‘पिंकी’मध्ये जीन क्रेन यांना घेऊन हेच केले होते. मिश्र वंशाच्या स्त्रीची कथा सांगायची आणि पडद्यावर मात्र मिश्र वंशाची स्त्री नको, ही अट कोणी लिहून ठेवलेली नव्हती, तरी ती पाळली जात होती.

त्याच सुमारास प्रत्यक्षात असा काही खून झाला होता का?

होय. १७ मे १९५९ च्या पहाटे नॉटिंग हिलमध्ये केल्सो कॉक्रेन या ३२ वर्षांच्या सुताराला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून मारले. मूळचा अँटिग्वाचा हा तरुण दवाखान्यातून घरी परतत होता. हेतू चोरीचा असावा, वर्णद्वेषाचा नव्हे, अशी भूमिका पोलिसांनी घेतली. त्याच्या अंत्ययात्रेला हजाराहून अधिक लोक आले, त्यांत काळे होते तसे गोरेही होते. खटला मात्र कोणावरही उभा राहिला नाही. पडद्यावरच्या हॅझर्डने प्रत्येक दार ठोठावले आणि खुनी शोधला. त्याच वर्षी, त्याच शहरात, खऱ्या खुनातील खुनी मोकळे राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फॅसिस्ट नेते ओस्वाल्ड मोझली याच भागातून संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि अनामत रक्कम गमावून बसले.

डिअरडन आणि रेल्फ यांनी असे इतर चित्रपट केले का?

१९५१ च्या ‘पूल ऑफ लंडन’मध्ये त्यांनी अर्ल कॅमरन यांनाच एका कृष्णवर्णीय खलाशाची भूमिका देऊन गोऱ्या तरुणीशी त्याचा हळुवार स्नेह दाखवला होता. ‘सॅफायर’नंतर १९६१ मध्ये ‘व्हिक्टिम’ आला. त्याच्या पटकथेतही जॅनेट ग्रीन यांचा सहभाग होता. समलैंगिक पुरुषांना धमकावून पैसे उकळणाऱ्यांचा तपास हा त्याचा विषय, आणि तेव्हा समलैंगिक संबंध इंग्लंडमध्ये गुन्हा होते. साचा तोच आहे: आधी गुन्हा, मग तपास, आणि तपासात समाज.

अर्ल कॅमरन यांच्याविषयी अधिक माहिती मिळेल का?

त्यांचा जन्म १९१७ मध्ये बर्म्युडात झाला. १९३९ मध्ये ते व्यापारी जहाजावरील खलाशी म्हणून लंडनला पोहोचले आणि उपाहारगृहात भांडी घासण्यासारखी कामे करून दिवस काढले. युद्धकाळात एका संगीतनाटकात ऐनवेळी रिकामी झालेली छोटी जागा भरायला ते रंगभूमीवर गेले आणि तेथेच राहिले. ‘सॅफायर’मधील त्यांचा डॉक्टर कोठेही आवाज चढवत नाही, तरी तो खोलीत असताना इतरांना आपले शब्द तपासून घ्यावे लागतात. एवढे सामर्थ्य दाखवूनही पुढे त्यांच्या वाट्याला बहुतेक दुय्यम भूमिकाच आल्या. १९६५ च्या ‘थंडरबॉल’मध्ये ते जेम्स बाँडचे स्थानिक सहायक होते, आणि ‘द इंटरप्रीटर’ या चित्रपटात आफ्रिकी राष्ट्रप्रमुखाची ठळक भूमिका त्यांना मिळाली ती २००५ मध्ये, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर. २००९ मध्ये त्यांना सीबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान देण्यात आला. जुलै २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.